सहा महिने उलटले तरी शब्द परत येतात. सराव कशाचा करायचा, ते ठरवा

एका मुलीने विचारलं आहे: वडील ६१ वर्षांचे आहेत. आठ महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक झाला. आता चालतात, उजवा हातही बराच सुधारला, पण बोलणं अडलेलं आहे. समोरच्याचं बहुतेक कळतं. स्वतः बोलायला गेले की ‘ते... ते...’ एवढंच निघतं. घड्याळाला चष्मा म्हणतात आणि चूक लक्षात आली की चिडून गप्प बसतात. ‘सहा महिन्यांत यायचं ते आलं, आता आहे त्यात समाधान माना’ असं घरच्यांना सांगण्यात आलं आहे. दुसरीकडे चुंबकीय उपचार, गोळ्या, मोबाइलवरचे अ‍ॅप, स्टेम सेल असं बरंच कानावर येतं. संशोधन काय म्हणतं, आणि वेळ-पैसा कशावर घालायचा?

गेली सव्वीस वर्षं मी हेच काम करते आहे. स्ट्रोकनंतर भाषा हरवलेल्या माणसांसमोर बसायचं आणि शब्द परत मिळवायला त्यांना मदत करायची. म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी त्या सहा महिन्यांबद्दल. हे वाक्य मी कितीतरी कुटुंबांकडून ऐकलं आहे आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण त्यात अर्धंच खरं आहे. पहिल्या तीन महिन्यांत भाषा आपसूकही वेगाने सुधारते आणि मग तो वेग मंदावतो, हे खरं. पण वेग मंदावला म्हणजे दार लागलं असं होत नाही. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जर्मनीतल्या १९ केंद्रांवर झालेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या १५६ रुग्णांना स्ट्रोक होऊन किमान सहा महिने झालेले होते, म्हणजे ज्यांना ‘समाधान माना’ म्हटलं जातं तीच ही माणसं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला लगेच तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास भाषोपचार दिले, दुसऱ्याला तेवढे दिवस थांबवून ठेवलं. उपचार मिळालेल्यांचं रोजच्या प्रसंगांतलं बोलणं सुधारलं, थांबलेल्यांचं सुधारलं नाही. पुढे सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा ती सुधारणा टिकून होती. आठव्या महिन्यात तुमच्या वडिलांसाठी काही करण्यासारखं उरलेलं नाही, असं म्हणायला कुठलाच आधार नाही.

त्यांना जे झालं आहे त्याला अफेझिया म्हणतात, मराठीत वाचाघात. स्ट्रोकमधून वाचलेल्यांपैकी साधारण तिघांमागे एकाला तो होतो. यात भाषेचा व्यवहार बिघडतो, माणूस आतून जसाच्या तसा असतो. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी तपासलेला रुग्ण ‘टाँ’ या एका उच्चारापलीकडे जवळजवळ काहीच बोलू शकत नव्हता. पण किती वर्षं रुग्णालयात आहेस असं विचारल्यावर त्याने हाताची पाच बोटं चार वेळा उघडली आणि वर एक बोट दाखवलं: एकवीस वर्षं. हिशोब बरोबर होता. डाव्या मेंदूच्या पुढच्या भागाचं बोलण्याशी असलेलं नातं ब्रोकांनी त्याच्या मेंदूत दाखवलं म्हणून तो रुग्ण पुस्तकांत गेला. मला मात्र त्याची ती बोटंच आधी आठवतात. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी उलटा प्रकार मांडला: बोलणं सुरळीत वाहतं, पण त्यात अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचं बोलणंही नीट समजत नाही. प्रत्यक्षात बहुतेक रुग्ण या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात.

एक गोष्ट भाषोपचार तज्ज्ञाकडून, म्हणजे स्पीच थेरपिस्टकडून, पक्की करून घ्या. जीभ-ओठांचे स्नायू दुबळे होऊन उच्चार जड होणं वेगळं, आणि स्नायू ठीक असूनही उच्चाराची जुळवाजुळव बिघडणं, ज्याला वाणीचा अप्रॅक्सिया म्हणतात, तेही वेगळं. अफेझियाबरोबर यांपैकी काही असेल तर व्यायाम बदलतात. घड्याळाला चष्मा म्हणणं ही मात्र सरळसरळ शब्द शोधण्यातली चूक आहे, आणि ती फार बोलकी चूक आहे. दोन्ही वस्तू अंगावर वापरायच्या. म्हणजे मेंदू योग्य कपाटापर्यंत पोहोचला आणि शेजारच्या कप्प्यात हात घातला. चूक झाल्याचं त्यांना कळतं, हेही चांगलं लक्षण आहे. ज्याला स्वतःची चूक ऐकू येते त्याच्याबरोबर काम करणं सोपं जातं.

मराठीपुरतं थोडं. आपली भाषा प्रत्ययांवर चालते. ‘मी घरी जातो’ हे वाक्य काही रुग्णांच्या तोंडून ‘मी... घर... जा’ असं येतं, किंवा प्रत्यय येतो पण भलताच लागतो. क्रियापदाचं लिंग-वचन चुकतं. ऐकणाऱ्याला वाटतं, यांना घर कोणाचं, जायचं कोणाला, हेच समजत नाही. तसं नसतं. भाषोपचारांवरच्या मोठ्या चाचण्या बहुतेक इंग्रजी, जर्मन, डच अशा भाषांत झाल्या आहेत आणि त्यांतली चित्रं, वाक्यं, गुण मोजायच्या पद्धती त्या भाषांच्या आहेत. म्हणून दुसऱ्या भाषेतली तयार चाचणी नुसती शब्दाला शब्द ठेवून वापरली तर मराठी माणसाची खरी अडचण तिच्यात पकडली जात नाही. वडील एकापेक्षा जास्त भाषा बोलत असतील तर तज्ज्ञाला सगळ्या सांगा. अनेक भाषिकांमध्ये दोन्ही भाषा साधारण बरोबरीने सुधारताना दिसतात, पण काहींची एकच भाषा आधी येते, आणि ती मातृभाषाच असेल असं नाही. दिवसभर ज्या भाषेत त्यांना जगायचं आहे तिच्यापासून सुरुवात करा, आणि दुसऱ्या भाषेतला शब्द आधी आला तर तो नाकारू नका.

मेंदू हे परत कसं मिळवतो, हे थोडं समजलं की पुढचे उपचारही समजतात. जर्मनीतल्या संशोधकांनी २००६ मध्ये १४ रुग्णांचे मेंदू स्ट्रोकनंतर वेगवेगळ्या वेळी स्कॅन करून पाहिले. पहिल्या दिवसांत डाव्या बाजूच्या भाषेच्या जागा जवळजवळ शांत होत्या. साधारण दोन आठवड्यांच्या सुमारास सगळं जाळं जोरात पेटलं, उजव्या बाजूच्या समांतर जागांसकट. आणि वर्षभराच्या आसपास, ज्यांची भाषा सुधारली त्यांच्यात काम पुन्हा डावीकडे सरकलेलं दिसलं. उजवी बाजू मदत करते की अडथळा आणते, हा वाद अजून मिटलेला नाही. डावीकडची इजा लहान असेल तर तिच्या काठावरचा शाबूत भाग काम उचलतो, फार मोठी असेल तर उजव्या बाजूवरच भिस्त ठेवावी लागते, असं साधारण चित्र आहे. हा वाद लक्षात ठेवा, चुंबकीय उपचारांचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

आता ज्याला सगळ्यांत भक्कम पुरावा आहे ते, म्हणजे तज्ज्ञाबरोबर बसून केलेले भाषोपचार. ‘कॉक्रेन’ ही वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र तोलून पाहणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या २०१६ च्या आढाव्यात ५७ चाचण्या आणि ३,००२ रुग्ण एकत्र पाहिले गेले. उपचार न मिळालेल्यांपेक्षा उपचार मिळालेल्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं, वाचन, लेखन आणि शब्दांतून व्यक्त होणं सुधारलं. उपचार जास्त तीव्र असले तर फायदा वाढतो असं दिसलं, पण तीव्र उपचार अर्ध्यावर सोडणारेही जास्त निघाले. मग किती तास हवेत? ‘रिलीज’ नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने २५ चाचण्यांमधल्या ९५९ रुग्णांची माहिती माणसागणिक तपासली. एकूण भाषेत सर्वांत जास्त सुधारणा २० ते ५० तास उपचार मिळालेल्यांत दिसली. समज सुधारायला आठवड्यातले चार-पाच दिवस लागत होते. एकूण २० तासांपर्यंतच उपचार मिळाले, किंवा आठवड्याला तीन तासांपेक्षा कमी, तर समजण्यातल्या सुधारणेचा पुरावाच सापडला नाही. बोलणं आणि समजणं दोन्हींवर काम, त्या माणसाच्या आयुष्याला बेतलेले उपचार आणि घरी करायला दिलेला सराव, हे तिन्ही होते तिथे फायदा जास्त होता.

हे आकडे मी मुद्दाम सविस्तर दिले. ‘आम्ही स्पीच थेरपी करून पाहिली, फरक पडला नाही’ असं सांगणाऱ्यांना मी तास मोजायला सांगते, तेव्हा आठवड्याला अर्धा-पाऊण तास, असे दोन-अडीच महिने, एवढंच निघतं. म्हणजे फार तर आठ तास. औषधाची चौथाई मात्रा देऊन औषध निरुपयोगी ठरवण्यासारखं आहे हे. तुम्हीही मोजा.

पण जास्त म्हणजे नेहमीच चांगलं, असंही नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये झालेल्या ‘व्हर्स’ चाचणीत २४६ रुग्णांवर स्ट्रोकनंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच उपचार सुरू केले गेले. त्यात नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त तीव्र उपचार देऊन बारा आठवड्यांनी काही जास्तीचं हाती लागलं नाही. त्या दिवसांत माणूस थकलेला असतो, मेंदू सुजेतून बाहेर येत असतो. तुमच्या वडिलांची ती वेळ गेली. पण स्ट्रोकनंतरचा थकवा महिनोन्‌महिने राहतो, तेव्हा त्यांच्यासाठीही तासाभराच्या एका बैठकीपेक्षा वीस-वीस मिनिटांच्या तीन बैठका बऱ्या, आणि सकाळी ताजेतवाने असतानाची त्यांतली पहिली.

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं संशोधन चाळलं की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: ज्याचा सराव होतो ते परत येतं, ज्याचा होत नाही ते बहुधा नाही. सर्वांत स्वच्छ पुरावा ब्रिटनमधल्या ‘बिग कॅक्टस’ चाचणीचा आहे, २०१९ चा. २७८ रुग्ण. एका गटाने सहा महिने घरी संगणकावर शब्द शोधण्याचा सराव केला, आणि शब्द कोणते? प्रत्येकाने स्वतः निवडलेले शंभर. त्या शब्दांवर त्यांची प्रगती नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा १६.२ टक्क्यांनी जास्त होती. स्ट्रोकला वर्षं होऊन गेलेली माणसंही त्यात होती, तरी हे साधलं. पण संभाषण सुधारलं का? नाही. सरावात नसलेले शब्द सुधारले का? तेही नाही.

काहींना हा निकाल निराशाजनक वाटतो. मला तो कामाची दिशा देणारा वाटतो. शंभर शब्दांचा सराव केला तर शंभर शब्द मिळतात, म्हणजे ते शंभर शब्द कोणते हे फार विचाराने ठरवायला हवं. आणि संभाषण हवं असेल तर संभाषणाचाच सराव वेगळा करायला हवा, तो शब्दांच्या पाठोपाठ आपोआप येत नाही.

माझ्याकडे पन्नाशीतले एक सुतार यायचे. आधी दुसरीकडे चार महिने चित्रांच्या संचावर सराव केला होता: हत्ती, विमान, छत्री, सिंह. साठेक चित्रांची नावं त्यांना अचूक येत होती आणि घरात त्यातला एकही शब्द लागत नव्हता. आम्ही ती यादी बाजूला ठेवली. नवी यादी त्यांच्या मुलाने आणि त्यांनी मिळून केली. तिच्यात रंधा, पटाशी, गुण्या, बिजागरी होती, बायकोचं आणि नातीचं नाव होतं, ‘दुखतंय’, ‘थांब’, ‘मला बोलू दे’ होतं. दोन महिन्यांनी मुलगा कपाटाचं दार बसवत असताना ते मागून म्हणाले, ‘बिजागरी... उलटी.’ मुलाने फोन करून मला हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज कापत होता. भाषेच्या चाचणीत या दोन शब्दांना गुण नाहीत. पण वर्षभरात पहिल्यांदा त्या घरात वडिलांनी मुलाला काम शिकवलं होतं.

म्हणून अ‍ॅप घ्या, जरूर घ्या, पण ज्यात स्वतःचे शब्द, स्वतःचे फोटो आणि घरच्यांचा आवाज भरता येतो असंच. तयार चित्रांच्या अ‍ॅपने हातचा वेळ जातो, तोंडात शब्द येत नाहीत. आणि तज्ज्ञांशिवाय एकट्या अ‍ॅपवर सोडू नका. शब्दाचा सरावही नुसतं ‘हे काय? म्हणा, घड्याळ’ असा नसतो. वस्तू कशासाठी असते, कुठे असते, कशी दिसते, कशाची आठवण करून देते, असं चहूबाजूंनी शब्दाला वेढा घातला की तो सापडायला मदत होते. ही अर्थाची वैशिष्ट्यं सांगत शब्दाकडे जायची पद्धत जुनी आणि वारंवार तपासलेली आहे. क्रियापदांवरचं काम तर मला त्याहून आवडतं. ‘मोजणे’ हे क्रियापद घ्यायचं आणि कोण मोजतं, काय मोजतं, हे सांगत जायचं: दुकानदार पैसे मोजतो, शिंपी कापड मोजतो, मूल तारे मोजतं. क्रियापदाभोवती वाक्य उभं राहतं, आणि ‘ते... ते...’ वर अडलेल्या माणसाला वाक्याचा सांगाडाच हवा असतो.

सक्तीच्या वापराचे उपचार, हेही तुमच्या कानावर येईल. २००१ मध्ये १७ रुग्णांवर दाखवण्यात आलं की हातवारे टाळून फक्त बोलूनच व्यवहार करायचा, असा पत्त्यांच्या खेळासारखा सराव दहा दिवसांत साधारण तीस तास केला, तर जुन्या अफेझियातही सुधारणा होते. त्यानंतर ‘कम्पेअर’ चाचणीत, २०२२ च्या निकालात, २१६ रुग्णांवर दोन पद्धती तपासल्या गेल्या. एकीत फक्त बोलणं, दुसरीत बोलण्याबरोबर हातवारे, चित्र, लेखन सगळं चालेल. दोन आठवड्यांत तीस तास. उपचार संपल्यावर लगेच घेतलेल्या मुख्य भाषाचाचणीत दोन्ही पद्धती नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. पण शब्द सापडणं, रोजचं बोलणं आणि जगण्याची प्रत यांत दोन्हींचा फायदा दिसला. हातवारे बंद केल्यामुळेच सुधारणा होते, हा समज यात टिकला नाही.

हे सांगायला कारण आहे. ‘तोंडाने मागा, मग देतो’ या हट्टाने तहानलेल्या माणसासमोर पाण्याचा पेला हातात धरून उभे राहिलेले नातेवाईक मी पाहिले आहेत. वाईट हेतूने नव्हे, कुणीतरी तसं सांगितलेलं असतं म्हणून. कृपया असं कधीही करू नका. सक्तीचा सराव ठरलेल्या वेळी, संमतीने, खेळाच्या रूपात होतो. त्याबाहेर वडिलांना बोटाने, डोळ्यांनी, कागदावर, जसं जमेल तसं सांगू द्या.

गाण्याबद्दल लोक फार आशेने विचारतात. एक शब्द न सुटणारा माणूस आरती किंवा जुनं गाणं अख्खं म्हणतो, ते पाहून घरच्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. घोटून घोटून पाठ झालेली गाणी, प्रार्थना, आकडे, वार, शिव्यासुद्धा मेंदूत वेगळ्या वाटेने येतात. नवं वाक्य जुळवायची वाट वेगळी आहे. १९७३ साली बोस्टनमधल्या तज्ज्ञांनी यावरून सुरावटीच्या चालीवर वाक्यं म्हणायला शिकवण्याची पद्धत मांडली. नंतर नेदरलँड्समधल्या छोट्या चाचण्यांत असं दिसलं की स्ट्रोकनंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत तिचा उपयोग होतो, जुन्या अफेझियात मात्र सरावातल्या वाक्यांपलीकडे फारसं सरकत नाही आणि मिळालेलंही टिकत नाही. २०११ मध्ये जर्मनीत १७ रुग्णांवर केलेल्या प्रयोगात गाण्यापेक्षा ताल आणि ओळखीची ठरीव वाक्यं जास्त कामाची ठरली. म्हणून गाऊ द्या, त्यांना आनंद मिळतो आणि आवाज मोकळा होतो. उपचार म्हणून हवं असेल तर डाव्या हाताने ताल धरून ‘मला पाणी दे’, ‘जरा थांब’ अशी रोज लागणारी वाक्यं लयीत म्हणायला घ्या.

आता विजेचे आणि चुंबकाचे उपचार. डोक्यावर दोन पट्ट्या ठेवून अगदी मंद वीज सोडायची, ही एक पद्धत. २०१८ मध्ये अमेरिकेत ७४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत पंधरा दिवस, रोज पाऊण तास शब्दांचा सराव आणि त्यातली वीस मिनिटं एक मिलिअँपिअर वीज, असं केलं. खरी वीज मिळालेल्यांना उपचारानंतर सरासरी १३.९ शब्द जास्त सांगता आले, खोटी पट्टी लावलेल्यांना ८.२. आकडा मोठा वाटतो, पण ही चाचणी ‘हा मार्ग सोडून द्यावा का’ एवढंच तपासायला आखलेली होती, आणि उत्तर ‘सोडू नये’ असं आलं. उपचार सिद्ध झाला, असा तिचा अर्थ नाही. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे खोटी पट्टी लावलेले लोकही सुधारले, कारण सराव दोघांनाही मिळत होता. चुंबकीय स्पंदनांत बहुधा उजव्या बाजूचा एक भाग शांत करतात, म्हणजे डाव्या बाजूला वाव मिळेल, हा मघाचा वाद. काही छोट्या चाचण्यांत चित्रांची नावं सांगणं सुधारलं आहे. पण ज्या रुग्णाची उजवी बाजूच काम पेलते आहे तिच्यावर दाब आणणं योग्य का, हा प्रश्न उरतोच. झटके येण्याचा लहानसा धोका असतो, डोक्यात धातू किंवा छातीत पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. कुणी हे उपचार विकत देत असेल तर एकच विचारा: यंत्र लावलेलं असताना किंवा लगेच नंतर भाषेचा सराव कोण घेणार, किती तास? उत्तर ‘सरावाची गरज नाही’ असं आलं तर तिथून उठा.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. स्मृतिभ्रंशात देतात ती डोनेपेझिल आणि मेमँटिन ही औषधं स्पेनमध्ये अनुक्रमे २६ आणि २८ रुग्णांवर तपासली गेली आणि दोन्हींत आशादायक निकाल मिळाले, मेमँटिनचे तर भाषोपचारांच्या जोडीने जास्त चांगले. पण इतक्या लहान चाचण्यांवर सर्वांना औषध सुचवता येत नाही. पिरासेटाम फार लिहून दिलं जातं, त्यामागचा पुरावा कमकुवत आहे. ब्रोमोक्रिप्टिनने निराशाच केली. न्यूरॉलॉजिस्टने विचारपूर्वक एखादं औषध काही महिने देऊन पाहणं समजू शकतं, मात्र त्याच काळात सराव चालू हवा. स्टेम सेलसाठी पैसे भरू नका. भाषा परत आणण्यासाठी ते उपयोगी आहेत असा पुरावा आजवर नाही, आणि खऱ्या संशोधन-चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे मागितले जात नाहीत. २०२५ मध्ये चीनमधून मानेजवळची एक मज्जातंतू-शाखा कापण्याच्या शस्त्रक्रियेचा निकाल आला, ५० रुग्णांवरचा, आणि त्यात नावं सांगणं चांगलंच सुधारलं. कुतूहलाचा विषय आहे. एका चाचणीवर मी माझ्या कुणा रुग्णाला शस्त्रक्रियेला पाठवणार नाही.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका, एवढंच या सगळ्यावर माझं म्हणणं आहे. आणि हातचं असूनही बहुतेक घरांत न वापरलं जाणारं एक साधन म्हणजे घरची माणसं. २००१ मध्ये टोरांटोमध्ये ऑरा कॅगन आणि सहकाऱ्यांनी एक सुंदर चाचणी केली. अफेझिया असलेल्यांना काहीच शिकवलं नाही. त्यांच्याशी गप्पा मारणाऱ्या स्वयंसेवकांपैकी वीस जणांना मात्र प्रशिक्षण दिलं, वीस जणांना नाही. प्रशिक्षित स्वयंसेवकांशी बोलताना रुग्णांचाच संवाद सुधारला. म्हणजे भाषा त्यांची, पण ती बाहेर येईल का हे समोर कोण बसलं आहे त्यावरही ठरत होतं.

तर तुम्ही असं करा. टीव्ही बंद करा. एका वेळी एकानेच बोला. छोटं वाक्य, मुख्य शब्द कागदावर मोठ्या अक्षरात, शक्य असेल तिथे पर्याय लिहून: ‘डॉक्टर / बँक / काका’. मग थांबा. मनात दहा अंक मोजा, ही शांतता पहिले काही दिवस असह्य वाटेल. शब्द सुचवण्याआधी ‘सांगू का?’ असं विचारा. समजलं नाही तर समजल्याचं नाटक करू नका, त्यांना ते कळतं आणि ते त्यांना शब्द न सापडण्यापेक्षा जास्त लागतं. ‘तुम्हाला काय म्हणायचंय ते तुम्हाला माहीत आहे, हे मला माहीत आहे’ असं मोठ्याने म्हणा. पाहुण्यांसमोर त्यांच्या वतीने उत्तर देऊ नका. आणि चिडून गप्प बसणं वाढत गेलं, झोप-भूक बदलली, आवडत्या माणसांतही मन रमेना, तर त्याला स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. अफेझियानंतर नैराश्य फार जणांना येतं आणि त्यावर उपचार आहेत. नैराश्यात कुठलाच सराव लागू पडत नाही.

प्रगती मोजायला चाचण्यांचे गुण तज्ज्ञ ठेवतील. तुम्ही आज त्यांच्या परवानगीने पाच मिनिटांच्या साध्या गप्पांचा व्हिडिओ करून ठेवा आणि दर सहा आठवड्यांनी तसाच आणखी एक. यादीतले वीस शब्द सरावात घ्या आणि वीस मुद्दाम बाहेर ठेवा. सरावातले वाढले आणि बाहेरचे तसेच राहिले तर उपचार काम करतो आहे. दोन्ही जागचे हलले नाहीत तर मात्रा किंवा पद्धत बदला. दोन्ही वाढले तर फारच छान.

बाबा पूर्वीसारखं बोलतील का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रत्येक कुटुंबाच्या मनात ते असतं. आठ महिन्यांनी सगळी भाषा पहिल्यासारखी होईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण त्यांना बहुतेक समजतं, चुका ऐकू येतात, चालता येतं, आणि उत्तर शोधणारी मुलगी घरात आहे. अशा माणसांना मी पुढच्या दोन-तीन वर्षांतही शब्द मिळवताना पाहिलं आहे. आज संध्याकाळी वही घ्या, घरातले फोटो पसरा आणि यादीतला पहिला शब्द त्यांना निवडू द्या. बोट दाखवून निवडला तरी चालेल.